पावती मिळेल का?

घर सोडायला सांगायला अण्णा स्वतः आले. चहा घेतला, मुलीला कितवीत आहेस म्हणून विचारलं, भिंतीवरच्या ओलीकडे जरा बघितलं आणि मग म्हणाले, "साहेब, धाकट्याचं लग्न ठरलंय. फ्लॅट लागणार. एप्रिलअखेर मोकळा करून द्या." वडगाव बुद्रुकच्या त्या घरात आम्ही तीन वर्षं काढली होती. भाडं १७,०००, डिपॉझिट ६०,०००. करार म्हणाल तर स्टॅम्प पेपरवर नोटरीचा गोल शिक्का, एवढाच. (जूनमध्ये तोच फ्लॅट मला मोबाईलवर जाहिरातीत दिसला. भाडं २३,०००. स्वयंपाकघरातला आमचा मसाल्याचा रॅकसुद्धा फोटोत होता. लग्न लांबलं असावं.)

मी एका सीएच्या ऑफिसात अकाउंटंट आहे. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या पावत्या लावतोय. त्यामुळं पैसा हातातून सुटला की "पावती मिळेल का?" हे आपोआप तोंडातून निघतं. बायको म्हणते, देवळातल्या पेटीत दहा रुपये टाकतानाही तुम्ही मागं वळून बघता. पण भाडेकरू म्हणून पुण्यात राहायचं, तर हा प्रश्न फारसा कुणाला आवडत नाही.

अण्णा मूळचे गावचे. घरची शेती होती, ती बिल्डरला दिली आणि मोबदल्यात पैसे थोडे, फ्लॅट जास्त घेतले. सिंहगड रोडच्या आसपास, वडगाव, धायरी, नऱ्हे, आंबेगाव, सगळीकडं ही गोष्ट ऐकायला मिळेल. त्यात वावगं काही नाही. जमीन त्यांचीच होती. फक्त एक होतं, की मालक, गणपती मंडळ आणि उमेदवार ही तिन्ही खाती बऱ्याचदा एकाच घरात येतात. अण्णांचा एक पुतण्या मंडळाचा अध्यक्ष, दुसरा 'भावी नगरसेवक'. पुणे महापालिकेची निवडणूक झाली होती २०१७ ला, मुदत संपली मार्च २०२२ मध्ये, आणि पुढं कारभार प्रशासकाकडं गेला. म्हणजे आम्ही त्या घरात राहायला गेलो तेव्हापासून आमच्या भागात नगरसेवक असा कुणी नव्हताच. माजी होते आणि भावी होते. फ्लेक्स मात्र दोघांचेही होते.

या भावींना सगळे दादा म्हणत. दादांचं एक प्रतिष्ठान होतं. जूनमध्ये वह्यावाटप, दिवाळीला उटण्याची पुडी आणि पाच पणत्या, अधूनमधून मोफत चष्मे, बायकांसाठी पैठणीचे खेळ. वह्यांच्या मुखपृष्ठावर दादा हात जोडून. माझ्या मुलीनं एका वहीवर त्यांना दाढी काढली होती, ती वही शाळेत नेऊ नको म्हणून मीच सांगितलं. पण खोटं कशाला बोलू, वह्या चांगल्या होत्या. कागद जाड होता. दोनशे पानी वह्या बाजारातून घेतल्या असत्या तर खिशाला कळलं असतं.

एका वर्षी सोसायटीत तुळजापूर-अक्कलकोट यात्रेची नावनोंदणी होती. माझी आई तेव्हा लातूरहून आमच्याकडं आलेली. बायको तिला घेऊन खाली गेली. टेबलाशी बसलेल्या मुलानं मोबाईलवर काहीतरी उघडलं, आडनाव टाकलं, पुन्हा टाकलं.

"वहिनी, तुमचं मतदान कुठंय?"

"लातूरला."

"मग कसं होणार? यादीत पाहिजे ना."

त्याच्या मोबाईलवर आख्खी मतदार यादी होती, इमारतीवार. आमच्या मजल्यावर चार घरं, त्यातली दोन भाड्यानं दिलेली. ती दोन्ही घरं त्याच्या दृष्टीनं रिकामी. आई म्हणाली, जाऊ दे, मी लातूरहून एसटीनं जाईन, मला जवळ पडतं. खरंच आहे ते. पण आपण तीन वर्षं ज्या जिन्यावरून चढउतार करतोय तिथं आपण नाहीच, हे बायकोला लागलं. मलाही.

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडवर, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण सापडायला लागले आणि पाण्याची धास्ती बसली. लोक नळाचं पाणी तोंडात घेईनात. तेव्हा दादांच्या माणसांनी वीस लिटरचे जार घरोघरी पोचवले आणि त्या आठवड्यात यादीत नाव आहे का, असं कुणी विचारलं नाही. पाणी देणं महापालिकेचं काम, हे मलाही कळतं. पण जार दारात आला होता तो टेम्पोतून, आणि टेम्पोवर फोटो दादांचा होता.

घर शोधायला मार्चमध्ये लागलो. एजंटांचे प्रश्न ठरलेले. फॅमिली का बॅचलर, व्हेज का नॉनव्हेज, जॉब कुठं, गाव कुठलं. माझ्या आडनावावरून काही कळत नाही, त्यामुळं 'गाव कुठलं' नंतर थोडा वेळ शांतता, मग 'म्हणजे मूळचे तिथलेच का?' असा चौथाच प्रश्न पाचवा म्हणून येतो. एका घरी मालकीणबाईंनी सगळं ठरल्यावर स्वयंपाकात कांदा-लसूण चालतं का विचारलं. चालतं म्हटलं. दुसऱ्या दिवशी एजंटचा निरोप, "त्यांचे नातेवाईक राहायला येतायत." बावीस घरं बघितली. त्यातली अर्धी तरी अशी, की फोटोत सूर्यप्रकाश आणि प्रत्यक्षात समोरच्या इमारतीची ड्रेनेजची पाइप.

शेवटी धायरीत मिळालं. टू बीएचके, भाडं १९,०००, डिपॉझिट ६०,०००, एजंटला एक महिन्याचं भाडं. धायरी २०१७ साली महापालिकेत आली, पण टँकर अजून येतात. पाणी किती वाजता येतं आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे, हे आधी विचारायचं असतं, ते मी तीन वर्षांत शिकलो होतो. एजंटनं १९,००० रोख मागितले. मी म्हटलं, यूपीआय करतो, पावती मिळेल का? तो हसला. "सर, आम्ही माणुसकीवर चालतो." माणुसकी एका महिन्याच्या भाड्याची होती. यूपीआयही त्यानं मेव्हण्याच्या नंबरवर घेतलं.

नव्या घराच्या मालक म्हणजे एक निवृत्त शिक्षिका, राहायला निगडीला. मॅडम सरळ बाई. करार रजिस्टर करायचा, यावर त्यांनी लगेच मान डोलावली आणि मला हायसं वाटलं. कायद्यानं तो नोंदवावाच लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरायचं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. हे शेवटचं वाक्य माहीत नसलेले मालक बरेच, आणि माहीत नसलेले भाडेकरू त्याहून जास्त. तीन वर्षांपूर्वी मीही त्यातलाच होतो.

खर्चाचंही लोकांच्या मनात उगाच मोठं भूत असतं. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे मुदतीपुरता राहायचा परवाना देणारा करार, त्याची स्टॅम्प ड्युटी पाव टक्का. अकरा महिन्यांचं भाडं २,०९,०००, त्यात डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज धरायचं, ते ५,५००. एकूण २,१४,५०० वर पाव टक्का, म्हणजे साडेपाचशेच्या आत. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो, फोटो काढतो, आधारवर अंगठा, झालं. तो आपले वेगळे घेतो, आमच्याकडून एकूण ३,२०० घेतले. त्यातले निम्मे मॅडमनी न मागता दिले. चौदा वर्षांत भरलेल्या भाड्यांत हा प्रकार मी पहिल्यांदा बघितला.

मॅडमचे अंगठ्याचे ठसे काही केल्या उमटेनात. खडू धरून गेले असतील, असं त्याच म्हणाल्या. ओल्या फडक्यानं पुसून, फुंकर घालून, सातव्या खेपेला मशीननं हिरवा दिवा दाखवला. मग त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढली. मुद्दे लिहून आणले होते.

"एक विनंती आहे. या पत्त्यावर मतदार यादीत नाव लावू नका. गॅसही ट्रान्सफर करू नका."

मी कारण विचारलं. त्यांच्या माहेरचा नारायण पेठेत वाडा. खाली दोन खोल्यांत भाडेकरू, महिना चाळीस रुपये, तीन पिढ्या. वडील गेले, वाडा पडायला आला, भाडेकरू हलेना. शेवटी बिल्डर आला तेव्हा भाडेकरूला मिळालेला फ्लॅट यांच्या भावाच्या फ्लॅटपेक्षा वर, गॅलरीचा. बाई अजून तो मजला विसरलेल्या नाहीत. मी समजावलं की ती पागडीची गोष्ट वेगळी, हा परवाना आहे, भाडेहक्क तयार होत नाही. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं आणि भाडेकरूला दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. मतदान कार्डानं घर कुणाचं होत नाही. त्यांनी ऐकलं, चिठ्ठीची घडी घातली. "बघा बाई, म्हणजे, बघा हो," असं काहीतरी म्हणाल्या. मी त्याला होकार धरला.

दुसरा मुद्दा मिळकतकराचा. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर करात ४० टक्के सवलत आहे. ती मध्यंतरी गेली होती, २०२३ मध्ये परत आली, पीटी-३ नावाचा अर्ज भरून घ्यावी लागते. मॅडमनी धायरीच्या फ्लॅटवर तो भरलेला. "तुम्ही राहता हे महापालिकेला कळलं तर ते चाळीस टक्के जातील, मग मला भाडं वाढवावं लागेल." अंगठे नोंदवून करार सरकारदरबारी गेला होता, आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या खिडकीत त्या स्वतः धायरीत राहत होत्या. मी हिशेबाचा माणूस, माझ्या तोंडावर आलं होतं. गप्प बसलो. घर हवं होतं.

इमारतीचा प्रकार वेगळाच निघाला. सेक्रेटरींनी 'एनओसी'चे ५,००० मागितले, परत न मिळणारे. मी आदर्श उपविधी काढून दाखवले: भाड्यानं देताना सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवायचं आणि करार व पोलीस नोंदणीची प्रत द्यायची. बिनभोगवटा शुल्कसुद्धा (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, २००१ पासून. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "ते सोसायटीला. आमचं अपार्टमेंट आहे." खरं होतं. १९७० चा अपार्टमेंट मालकीचा कायदा वेगळा, त्यांची घोषणापत्रं वेगळी, आणि पुण्यात अशा इमारती भरपूर. माझा अभ्यास वाया गेला. ५,००० भरले. पण पावती मिळाली, 'ऐच्छिक देणगी' असं लिहिलेली. पोलीस व्हेरिफिकेशन ऑनलाइन असतं, ते मालकानं करायचं. अर्थातच मी बसून केलं, मॅडमना फक्त ओटीपी विचारला.

आता अण्णांचं डिपॉझिट. ३० एप्रिलला किल्ल्या द्यायला गेलो. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी कागदावर आधीच आकडे मांडले होते: रंग १४,०००, गिझर ३,०००, किरकोळ ५,०००. एकूण २२,००० वजा. मी विचारलं, बिलं आहेत का? रंग अजून लावलाच नव्हता, बिल कुठून येणार. आणि गिझर आम्ही गेलो तेव्हाच गळका होता, मी दोनदा स्वतःच्या खर्चानं दुरुस्त केलेला.

"साहेब, एवढ्यासाठी वाद घालता? मी दादांच्या प्रतिष्ठानला एकरकमी एक्कावन्न हजार दिलेत. तुमचे बावीस हजार मला काय जड आहेत?"

मला वाटलं, जड नाहीत तर मग द्या. पण बोललो नाही. तेवढ्यात त्यांना काहीतरी सुचलं. आत गेले, प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावती घेऊन आले. "बरं झालं, तुम्ही त्याच लायनीत आहात. ही रिटर्नला लावता येईल ना? पूर्ण सूट आहे म्हणाले."

पावती आर्ट पेपरवर, दोन रंगांत, वरती दादा आणि एक मोठे साहेब. नोंदणी क्रमांक होता. ८०जी चा, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत देणाऱ्या कलमाचा, क्रमांक नव्हता. रोख मिळाले, असं स्वच्छ लिहिलेलं. मी अण्णांना तिथंच अंगणात सांगितलं. एक तर संस्थेला ८०जी ची मान्यता पाहिजे. असली तरी सवलत सहसा निम्म्या रकमेवर. शिवाय रोख दिलेली देणगी २,००० च्या वर धरतच नाहीत. आणि आता नुसती पावती चालत नाही, संस्थेनं आयकर खात्याकडं विवरण भरून १०बीई नावाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. पूर्ण सूट मिळते ती राजकीय पक्षाला दिलेल्या वर्गणीला, ८०जीजीसी खाली, आणि ती तर रोखीत अजिबात चालत नाही.

"पण हे पक्षाचंच ना?"

"कागदावर नाही. कागदावर हे धर्मादाय आहे."

अण्णा बराच वेळ पावतीकडं बघत राहिले. वह्या, उटणं, यात्रा, सगळं प्रतिष्ठानचं. पक्षाचा पत्ता नाही. उमेदवाराचा खर्च मोजायला सुरुवात होते अर्ज भरल्यापासून, त्याआधीची तीन वर्षं नुसती समाजसेवा. मी एवढं बोललो नाही, पण अण्णा पुढाऱ्याच्या घरातले, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. "मला म्हणाला चालेल," ते पुटपुटले. पुतण्याबद्दल. माझ्या समोरच त्यांनी फोन लावला, तो उचलला गेला नाही. मग ३८,००० चा चेक मला दिला आणि चहाही विचारला नाही.

(आमच्या ऑफिसात ८०जीजीसी चं नाव काढलं की हल्ली सगळे सरसावून बसतात. नाव न ऐकलेल्या पक्षाला दोन लाख चेकनं द्यायचे, कमिशन कापून रोख परत घ्यायचे आणि रिटर्नमध्ये दोन लाखांची वजावट, असा उद्योग कुणीतरी कुणाला शिकवतो. आमच्याकडं आलेल्या एका गृहस्थांनी असाच दावा केला होता. नोटीस आल्यावर पक्षाचं पूर्ण नावही त्यांना सांगता येईना. ऑगस्ट २०२५ मध्ये निवडणूक आयोगानं असे नोंदणीकृत पण मान्यता नसलेले ३३४ पक्ष यादीतून काढले, तेव्हा आमच्या सीए साहेबांनी यादी उघडून त्यात या गृहस्थांचा पक्ष आहे का, ते आधी बघितलं.)

बावीस हजारांसाठी कोर्टात कोण जातो, हे अण्णांनाही माहीत होतं. वकील मित्रानं फुकटात एक पत्र लिहून दिलं, मी ते रजिस्टर पोस्टानं पाठवलं. त्यात कलम ५५ होतं, आणि तीन वर्षं करार नोंदवला नाही याची आठवण होती. दहा दिवसांनी खात्यावर ८,००० आले. गिझर आणि किरकोळ सुटलं. रंगाचे १४,००० राहिले ते राहिलेच. तीन वर्षं राहिल्यावर भिंती मळतात, त्याचे पैसे भाड्यातच धरलेले असतात, असं माझं म्हणणं. अण्णांचं म्हणणं वेगळं. आणि भाड्याची पावती त्यांनी तीन वर्षांत एकदाही दिली नव्हती, कारण वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी मालकाचा पॅन लागतो, आणि 'पॅन मागायचा नाही' ही त्यांची पहिल्याच दिवशीची अट. आता नव्या करप्रणालीत ती सवलतच नाही, त्यामुळं पगारदार माणसं पावती मागायचीच थांबली आहेत. मालकांना यापेक्षा सुखाचा कायदा दुसरा नसेल.

धायरीला सामान लागल्यावर मी पहिलं काम केलं ते फॉर्म ८. पत्ता बदलला की मतदार यादीतलं नाव त्यानं हलवता येतं. भाडेकरूला पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार चालतो. अण्णांचा नोटरीवाला कागद तिथं चालला नसता, म्हणूनच तीन वर्षं आम्ही लातूरचे होतो. मॅडमना फोन करून सांगितलं. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझं नाव निगडीलाच आहे ना, ते तर नाही ना जाणार?" नाही जाणार म्हटलं.

जुलैत मतदार यादीची पडताळणी करणाऱ्या बीएलओ बाई आल्या, महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका. छत्री गळत होती, दारातच उभ्या राहिल्या. करार बघितला, आधार बघितलं. "किती महिन्यांचा आहे?" अकरा म्हटलं. "मग मार्चनंतर परत मीच येणार," म्हणाल्या आणि खाली वॉचमनकडं माझी खात्री करायला गेल्या. वॉचमन आम्हाला फक्त फ्लॅटच्या नंबरानं ओळखतो. तरी त्यानं हो म्हटलं असावं. महिन्याभरानं नाव आलं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मंडळाची पोरं वर्गणीला आली. इथले दादा वेगळे, वह्यांचा कागद जरा पातळ. पाच जण, एकाच्या हातात पावतीपुस्तक. आम्ही ५०१ काढले. मुलगा लिहायला लागला. मी सवयीनं पावतीवर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचा क्रमांक शोधला. वर्गणी गोळा करायला ती लागते, कलम ४१क. क्रमांक होता. मला बरं वाटलं, तसं मी त्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "काका, सगळं ऑनलाइन झालंय आता."

ती मंडळी खाली उतरल्यावर मी पावती नीट बघितली. त्यावर मॅडमचं नाव होतं. मी जिन्यातून हाक मारली.

"अरे, पैसे मी दिलेत. माझं नाव घाल."

मुलानं वर बघितलं, मग आमच्या दाराकडं बोट केलं. "काका, पाटीवर तर हेच आहे."

पाटी पितळेची आहे, मॅडमनी वास्तुशांतीला बसवलेली. काढायची नाही, असं करारात लिहिलंय.